खिशातला ठराव: जॉर्ज नॉरिस आणि सभापती कॅनन, मार्च १९१०

जॉर्ज विल्यम नॉरिस हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही. हा माणूस चाळीस वर्षे अमेरिकन काँग्रेसमध्ये होता: १९०३ ते १९१३ प्रतिनिधिगृहात आणि पुढे १९४३ पर्यंत सिनेटमध्ये. त्याच्या नावाने धरण आहे, कामगार कायदा आहे, एका घटनादुरुस्तीचे श्रेयही मुख्यतः त्याचेच. पण त्याची कारकीर्द कळायला मार्च १९१० मधले तीन दिवस पुरतात. त्या तीन दिवसांत सत्ताधारी पक्षाच्या या साध्या सदस्याने आपल्याच पक्षाच्या सभापतीची सत्ता मोडून काढली. आणि ती मोडल्यावर, त्याच दुपारी, त्याच सभापतीला पदावर ठेवण्याच्या बाजूने मतही दिले. या दोन मतांचा मेळ कसा बसतो, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

सभापती कॅननची सत्ता

इलिनॉयमधल्या डॅनव्हिलचा जोसेफ कॅनन १९०३ पासून सभापती होता. वय त्र्याहत्तर, तोंडात कायम चिरूट, बोलणे रांगडे. सदस्य त्याला ‘अंकल जो’ म्हणत, आणि विरोधकांनाही माणूस म्हणून तो आवडायचा. त्याचा स्वभावच हुकूमशहाचा होता असे म्हणून विषय मिटवता येतो, पण त्याने काहीच उलगडत नाही. कॅननच्या हातातली बहुतेक हत्यारे आधीच्या सभापतींनी घडवलेली होती. मेन राज्याच्या टॉमस रीडने १८९० मध्ये अल्पमताचे अडवणुकीचे जुने मार्ग बंद केले, तेव्हापासून सभापतिपद भक्कम होत गेले. कॅननने ती हत्यारे गंजू दिली नाहीत, एवढेच.

ही हत्यारे तीन होती. कोणत्या समितीवर कोण बसणार आणि तिचा अध्यक्ष कोण, हे सभापती ठरवी. सभागृहात बोलायला कुणाला पुकारायचे, हेही तोच ठरवी. सदस्य उभा राहिला की कॅनन आधी विचारायचा, कशासाठी उभे आहात? उत्तर पसंत नसेल तर त्याची नजर दुसरीकडे वळे. त्यामुळे किरकोळ विधेयक मांडायचे असले तरी सदस्य आधी त्याच्या दालनात जाऊन परवानगी घेऊन ठेवत. आपल्या मतदारसंघातल्या एखाद्या म्हाताऱ्या सैनिकाचे निवृत्तिवेतन मंजूर करून घ्यायचे असले तरी हीच वाट.

तिसरे हत्यार म्हणजे नियम समिती. कोणते विधेयक कधी चर्चेला येणार, किती तास चर्चा होणार, दुरुस्त्या मांडता येणार की नाही, हे ही समिती सांगे. तिच्यात सदस्य पाच: सत्ताधारी रिपब्लिकन तिघे आणि विरोधी डेमोक्रॅट दोघे. तिघांपैकी एक स्वतः कॅनन, तोच अध्यक्ष. उरलेले दोघे पेनसिल्व्हेनियाचा जॉन डॅल्झेल आणि आयोवाचा वॉल्टर स्मिथ, दोघेही कॅननच्या नेमणुकीतले. डेमोक्रॅटांना बैठकीला बोलावले काय, न बोलावले काय, निकाल तोच. एका मतदाराने आपल्या खासदाराकडे प्रतिनिधिगृहाच्या नियमांची प्रत मागितली, तेव्हा खासदाराने कॅननचा फोटो पाठवून दिला, असा किस्सा त्या काळी वॉशिंग्टनमध्ये सांगत.

या सत्तेचा उपयोग कशासाठी होत होता, हेही पाहायला हवे, नाहीतर हे भांडण नुसते मानापमानाचे वाटेल. कॅनन जुन्या वळणाचा होता. आयातकर चढे ठेवावेत, सरकारने फार खर्च करू नये, उद्योगांच्या वाटेला जाऊ नये, अशी त्याची ठाम मते. पूर्वेकडच्या डोंगरांतली जंगले केंद्राने विकत घ्यावीत हे विधेयक त्याने वर्षानुवर्षे अडवले. ते कायदा झाले १९११ मध्ये, म्हणजे त्याची पकड सुटल्यावर. पश्चिमेकडच्या शेतकरी राज्यांतून निवडून आलेल्या रिपब्लिकनांना रेल्वेवर नियंत्रण हवे होते, करांत बदल हवा होता. आपला पक्ष बहुमतात असूनही आपली विधेयके सभागृहापर्यंत पोहोचतच नाहीत, हे त्यांचे दुखणे. या गटाला वर्तमानपत्रांनी ‘बंडखोर’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटले.

नॉरिस कुठून आला

नॉरिसचा जन्म ११ जुलै १८६१ चा, ओहायोतल्या सँडस्की परगण्यातल्या एका शेतावर. मोठा भाऊ यादवी युद्धात गेला आणि त्याच वर्षी, १८६४ मध्ये, वडीलही वारले. घरात आई, बहिणी आणि हा. दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरी, मग शिक्षकी, असे करत त्याने इंडियानातल्या व्हॅल्परेझोहून कायद्याची पदवी घेतली. १८८५ मध्ये तो नेब्रास्कात गेला. बीव्हर सिटीत वकिली, परगण्याचा सरकारी वकील, आणि १८९६ पासून जिल्हा न्यायाधीश. पुढे मॅककुक या रेल्वेच्या गावात त्याने घर केले.

न्यायाधीश म्हणून त्याची वर्षे दुष्काळाच्या मागोमागची. शेतकऱ्यांच्या जमिनी कर्जापायी लिलावात निघत होत्या. कर्ज फेडण्याची खरी शक्यता दिसली तर नॉरिस लिलाव कायम करण्याचा हुकूम लांबणीवर टाकी. कायदा तसाच राहिला, तारीख मात्र हलली. हा त्याचा पुढचा सगळा पिंड आहे असे मला वाटते: कायद्याच्या चौकटीत नेमका कुठला खिळा ढिला आहे, हे शोधायचे.

१९०२ मध्ये तो प्रतिनिधिगृहावर निवडून आला तेव्हा मात्र तो बंडखोर वगैरे काही नव्हता. पक्का रिपब्लिकन, रेल्वेवाल्यांचा आशीर्वाद असलेला. पहिला धक्का त्याला क्षुल्लक गोष्टीवरून बसला. वॉशिंग्टनच्या जयंतीनिमित्त सभागृह तहकूब करावे असा प्रस्ताव एका डेमोक्रॅटाने मांडला, आणि केवळ तो तिकडून आला म्हणून रिपब्लिकनांनी तो पाडला. नॉरिसने डेमोक्रॅटांच्या बाजूने हात वर केला. आपल्या बाकांवरच्या लोकांनी ज्या नजरेने त्याच्याकडे पाहिले, ती त्याने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रातही नोंदवली आहे.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९०८ च्या निवडणुकीत नॉरिस फक्त २२ मतांनी जिंकला होता. पक्षाची मेहेरबानी अशा माणसाला सगळ्यात जास्त लागते. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या प्रशासनाने बंडखोरांच्या मतदारसंघांतल्या पोस्टमास्तरसारख्या नेमणुकांतली त्यांची शिफारस ऐकणे बंद केले होते, आणि नेमणुका हे त्या काळी खासदाराचे मुख्य भांडवल. कॅननने विस्कॉन्सिनच्या हेन्री कूपरला आणि न्यू जर्सीच्या चार्ल्स फाउलरला समित्यांच्या अध्यक्षपदांवरून खाली उतरवले होते. म्हणजे बंडाची किंमत काय, हे नॉरिसला नीट माहीत होते.

दोन तालमी

मार्च १९०९ मध्ये बंडखोर आणि डेमोक्रॅट मिळून नियम बदलण्याचा एक प्रयत्न झाला. तो फसला, कारण न्यू यॉर्कच्या जॉन फिट्झजेराल्डसह काही डेमोक्रॅट ऐन वेळी कॅननला जाऊन मिळाले. बंडखोरांची समजूत काढण्यासाठी एक तुकडा आधीच टाकण्यात आला होता: दर बुधवारी समित्यांना ओळीने पुकारायचे, त्यांची विधेयके घ्यायची आणि त्या दिवशी दुसरे काम मध्ये घुसवायचे नाही. हा बुधवार पुढे फार उपयोगी पडणार होता, पण ते कुणालाच ठाऊक नव्हते.

दुसरी तालीम जानेवारी १९१० ची. टाफ्ट यांच्या मंत्रिमंडळात सरकारी जमिनींचे खाते सांभाळणारे बॅलिंजर यांच्यावर अलास्कातल्या कोळशाच्या जमिनींवरून आरोप झाले होते आणि चौकशीसाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमायची होती. प्रतिनिधिगृहातले सदस्य अर्थात कॅनन नेमणार, म्हणजे चौकशीचा निकालही आधीच ठरलेला. ते सभागृहाने निवडावेत, एवढीच दुरुस्ती नॉरिसला मांडायची होती. पण बोलायला वेळ कोण देणार? वेळेचे वाटप डॅल्झेलकडे. नॉरिसने हेरून ठेवले होते की डॅल्झेल दुपारी नेमाने कॉफी आणि ‘पाय’ (भाजलेला गोड पदार्थ) खायला उठून जातो. त्या दिवशी तो उठला, जागेवर वॉल्टर स्मिथ बसला आणि नॉरिसने त्याच्याकडे सहज दोन मिनिटे मागितली. स्मिथने दिली. दुरुस्ती मांडली गेली आणि १४९ विरुद्ध १४६ मतांनी मंजूर झाली.

तीन मतांचा विजय, तोही कुणाच्या तरी दुपारच्या खाण्यावर बेतलेला. हसू येते. पण कॅननविरुद्ध सभागृहात बहुमत आहे, ते फक्त मोजले जात नव्हते, हे त्यातून पहिल्यांदा आकड्यांत दिसले. सभागृहात तेव्हा रिपब्लिकन २१९ आणि डेमोक्रॅट १७२ होते. डेमोक्रॅट एकत्र राहिले आणि पंचवीस-तीस रिपब्लिकन फुटले की पारडे फिरत होते.

जनगणनेच्या वाटेने

नियम समितीची रचना बदलण्याचा ठराव नॉरिसने बराच आधी लिहून ठेवला होता आणि तो कोटाच्या खिशात घेऊन हिंडत होता. घडीवर घडी पडून कागदाच्या चिंध्या व्हायच्या बेतात आल्या होत्या. तो रीतसर दाखल करण्यात अर्थ नव्हता. नियम बदलण्याचा कोणताही प्रस्ताव नियम समितीकडे जाणार, आणि तिथे कॅनन बसलेला. चावी आतल्या बाजूला ठेवून लावलेले कुलूप होते ते.

बुधवार, १६ मार्च १९१०. जनगणना समितीचा अध्यक्ष, इंडियानाचा एडगर क्रमपॅकर, एक किरकोळ विधेयक घेऊन उभा राहिला. त्या वर्षीची जनगणना १५ एप्रिलला सुरू व्हायची होती आणि परदेशात जन्मलेल्यांची मातृभाषा नोंदवण्याची तरतूद त्याआधी करायची होती. काम तातडीचे, पण दिवस बुधवार. क्रमपॅकरचे म्हणणे असे, की जनगणना घटनेनेच सांगितली आहे, म्हणून तिच्याविषयीच्या विधेयकाला घटनात्मक अग्रहक्क आहे आणि ते बुधवारची रांग मोडून घेता येते. कॅननने ते मान्य केले. बंडखोर आणि डेमोक्रॅट यांनी मिळून त्याचा निर्णय उलथवला. आपल्याला मिळालेला एकुलता बुधवार त्यांना जपायचा होता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, क्रमपॅकर पुन्हा उभा राहिला. या वेळी कॅननने स्वतः निर्णय दिला नाही. प्रश्न सभागृहापुढेच ठेवला: घटनेचा आधार असलेले हे विधेयक नियमांतला क्रम बाजूला सारून घेता येते का? आदल्या दिवशी तोंडावर पडल्याची चीड त्यात दिसते, आणि थोडी चलाखीही. सभागृहाने होय म्हटले. शेवटी जनगणनेचेच तर काम होते.

नॉरिस उभा राहिला. घटनेने अग्रहक्क दिलेला एक ठराव मला मांडायचा आहे, असे त्याने सांगितले. तसा असेल तर मांडा, असे कॅनन म्हणाला. कागद बाहेर आला.

नियम समितीत १५ सदस्य असावेत, ९ सत्ताधारी आणि ६ विरोधी. राज्यांचे गट पाडून त्या-त्या गटातून ते निवडावेत. समितीने आपला अध्यक्ष आपणच निवडावा. आणि सभापती तिचा सदस्य असू नये. घटनेचा आधार? कलम १, विभाग ५: प्रत्येक सभागृह आपल्या कामकाजाचे नियम ठरवू शकते. घटनेत जनगणना आहे म्हणून जनगणनेचे विधेयक पुढे आले. घटनेत नियमही आहेत.

डॅल्झेलने ताबडतोब हरकतीचा मुद्दा घेतला.

इथे थोडे थांबायला हवे, कारण या प्रकरणाच्या बहुतेक वर्णनांत नॉरिसचा युक्तिवाद बिनतोड असल्यासारखा मांडला जातो. तो बिनतोड नव्हता. नियम ठरवण्याचा अधिकार घटनेने दिला आहे खरा, पण म्हणून कुठल्याही सदस्याने कुठल्याही क्षणी उठून नियमबदल मांडावा आणि बाकीचे सगळे काम थांबावे, असे मानले तर नियम असून नसून सारखेच. पूर्वदाखले पाहिले तर डॅल्झेलची बाजू वरचढ होती असे माझे मत आहे. नॉरिस स्वतः न्यायाधीश राहिलेला होता, त्याला हे कळत नसेल असे नाही. पण सभापतीचा निर्णय अखेर सभागृहाच्या मतावर टिकतो, आणि सभागृहाने काही वेळापूर्वीच आपल्या मताने दार किलकिले केले होते. युक्तिवाद बरोबर आहे का, यापेक्षा आज या क्षणी तो बरोबर ठरवण्याइतकी मते आहेत का, हा हिशेब त्याने केला होता.

एक रात्र, दोन दिवस

कॅननलाही तोच हिशेब करायचा होता. हरकत मान्य केली तर सभागृह निर्णय उलथवणार. फेटाळली तर ठरावच पुढे येणार. म्हणून त्याने निर्णयच दिला नाही, चर्चा चालू दिली. त्याच्या बाजूचे कितीतरी रिपब्लिकन वॉशिंग्टनबाहेर होते. १७ मार्च हा सेंट पॅट्रिकचा दिवस, आयरिश वस्ती असलेल्या शहरांत मिरवणुका आणि मेजवान्या. ते परत येईपर्यंत वेळ काढायचा होता. उलट बाजूला बंडखोर आणि डेमोक्रॅट यांनी ठरवले की तहकुबी होऊ द्यायची नाही. विश्रांतीचा प्रस्ताव आला की पाडायचा. अशा रीतीने सभागृह रात्रभर बसले.

गॅलऱ्या भरलेल्या, तंबाखूचा धूर, सदस्य बाकांवर आणि बाहेरच्या कोचांवर आडवे झालेले. गैरहजर सदस्यांना आणायला सभागृहाच्या सुरक्षा अधिकाऱ्याची माणसे शहरभर फिरत होती. कॅनन रात्री काही वेळ झोपायला गेला, तालिकेवरचे दुसरे सदस्य खुर्चीत बसले. भाषणे सुरूच. त्यांतली थोडी मुद्द्याची होती. बाकीची घड्याळाकडे पाहत केलेली. चोवीस तासांहून अधिक वेळ हे चालले आणि शुक्रवारी दुपारी कुठे उसंत मिळाली. नंतर शनिवारी दुपारी बारापर्यंत तहकुबी झाली.

खरे काम सभागृहाबाहेर चालू होते. कॅननच्या बाजूने तडजोडीचे प्रस्ताव आले: समिती मोठी करू, पण सभापतीला बाहेर काढण्याचा हट्ट सोडा. बंडखोरांनी तेवढी एकच गोष्ट सोडायला नकार दिला. बाकी सगळे सोडायला नॉरिस तयार होता, आणि त्याने ते सोडलेही. डेमोक्रॅटांची एकजूट टिकवण्यासाठी १५ चे १० झाले, राज्यांचे गट गेले. ६ सत्ताधारी, ४ विरोधी, सगळे सभागृहाने निवडलेले. भौगोलिक गट ही मूळ ठरावातली त्याची लाडकी कल्पना होती, पश्चिमेच्या राज्यांना हमखास जागा देणारी. ती त्याने एका रात्रीत टाकून दिली. वाटाघाटीला बसणाऱ्याने ठरावाच्या दोन प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात: काय गेले आणि काय राहिले.

शनिवारी, १९ मार्चला, कॅननने डॅल्झेलची हरकत मान्य केली. नॉरिसने सभागृहाकडे दाद मागितली. निर्णय १८२ विरुद्ध १६२ मतांनी उलथवला गेला. मग सुधारित ठराव मतास आला: १९१ विरुद्ध १५६. चाळिसाहून जास्त रिपब्लिकन आपल्या सभापतीच्या विरुद्ध गेले होते. त्यांत कॅन्ससचा व्हिक्टर मर्डॉक होता, मॅसॅच्युसेट्सचा खानदानी ऑगस्टस गार्डनर होता, आणि मिनेसोटाचा चार्ल्स लिंडबर्ग, ज्याचा मुलगा सतरा वर्षांनी अटलांटिक उडून पार करणार होता.

दुसरे मत

प्रकरण इथेच संपले असते. नॉरिसने तहकुबीचा प्रस्ताव मांडलाही. पण कॅननने आधी बोलायची परवानगी घेतली, आणि त्या दुपारची सगळ्यात हुशार खेळी त्या हरलेल्या म्हाताऱ्याने केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सभापतीचे आणि बहुमताचे जमत नाही हे आता उघड आहे. राजीनामा मी देणार नाही, ती दुबळेपणाची कबुली ठरेल. सभागृहाला हवे असेल तर त्याने पद रिक्त जाहीर करावे. तसा प्रस्ताव मी स्वतः मतास टाकतो.

टेक्ससचा डेमोक्रॅट अल्बर्ट बर्लेसन लगेच उठला आणि त्याने तसा प्रस्ताव दिला. आता बंडखोरांची पंचाईत झाली. इतका वेळ ते नियमाविरुद्ध लढत होते. आता प्रश्न माणसाचा होता. कॅनन गेला तर नवा सभापती निवडताना रिपब्लिकन फुटणार, आणि खुर्ची कदाचित डेमोक्रॅटांकडे जाणार. प्रस्ताव १५५ विरुद्ध १९२ मतांनी पडला. बंडखोरांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच बर्लेसनबरोबर गेले. नॉरिसने कॅननच्या बाजूने मत दिले. सभापतीचे समर्थक बाकांवर उभे राहून जल्लोष करत होते. बाहेरून कुणी त्या क्षणी आत आला असता तर त्याला वाटले असते, कॅननच जिंकला.

हा भेकडपणा होता का? त्या वेळच्या काही पुरोगाम्यांना तसे वाटले. पक्षाची खुर्ची वाचवायची होती, हा भाग नाकारण्यात अर्थ नाही. पण नॉरिसची भूमिका त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वागण्याशी जुळते. त्याला कॅननच्या जागी भला सभापती नको होता. सभापती भला असो की वाईट, त्याच्या हाती नियम समिती नसावी, एवढे हवे होते. ते मिळाले होते. माणूस बदलून ते मिळाले नसते, कारण नव्या माणसाला जुनीच हत्यारे वारशाने मिळाली असती.

मात्र लगेच हाती काय आले ते पाहिले तर नॉरिसचे समर्थकही थोडे ओशाळतात. सहाच दिवसांत नवी नियम समिती निवडली गेली. रिपब्लिकन पक्षबैठकीने आपले सहाही सदस्य कॅननच्या गोटातले दिले. बंडखोरांना एकही जागा मिळाली नाही. अध्यक्ष झाला डॅल्झेल, तोच पाय-कॉफीवाला.

नॉरिसचे पुढे

नोव्हेंबर १९१० मध्ये रिपब्लिकनांचे बहुमत गेले. ‘कॅननशाही’ हा शब्द डेमोक्रॅटांनी प्रचारात मनसोक्त वापरला, आणि कॅनन खुर्चीत राहिल्याने त्यांना तो वापरताही आला. मिसूरीचा चँप क्लार्क सभापती झाला. समित्यांच्या नेमणुकाही सभापतीकडून काढून घेण्यात आल्या. कॅनन १९१२ मध्ये हरला, दोन वर्षांनी पुन्हा निवडून आला आणि १९२३ पर्यंत सभागृहात बसला. काँग्रेसच्या एका कचेरी-इमारतीला आज त्याचे नाव आहे.

नॉरिस १९१३ मध्ये सिनेटमध्ये गेला. एप्रिल १९१७ मध्ये जर्मनीशी युद्ध पुकारण्याचा ठराव सिनेटने ८२ विरुद्ध ६ मतांनी केला, त्या सहांतला तो एक. हे युद्ध सावकारांच्या पैशासाठी आहे असे तो सभागृहात म्हणाला आणि पुढची काही वर्षे त्याला देशद्रोही ऐकून घ्यावे लागले. निवडणूक हरलेल्या सदस्यांनी महिनोन् महिने कायदे करत बसावे, ही पद्धत बंद करणारी विसावी घटनादुरुस्ती १९३३ मध्ये लागू झाली. तिच्यामागे तो दहा वर्षे होता. संपावरच्या कामगारांविरुद्ध न्यायालयांनी सरसकट मनाई हुकूम काढू नयेत म्हणून १९३२ चा नॉरिस-लाग्वार्डिया कायदा आला.

टेनेसी नदीची गोष्ट सगळ्यात लांबली. महायुद्धाच्या काळात अलाबामात मसल शोल्स येथे सरकारने धरण आणि नायट्रेटचे कारखाने बांधायला घेतले होते. युद्ध संपल्यावर ते हेन्री फोर्डला विकायची बोलणी झाली. नॉरिसने ती मोडून काढली. सरकारनेच ते चालवावे यासाठीचे त्याचे विधेयक १९२८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी आणि १९३१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी रोखले. १८ मे १९३३ रोजी रूझवेल्ट यांनी सही केली आणि टेनेसी खोरे प्राधिकरण जन्माला आले. क्लिंच नदीवर प्राधिकरणाने बांधलेल्या पहिल्या धरणाला नॉरिसचे नाव दिले गेले. वीज, पूरनियंत्रण आणि शेती एका नदीखोऱ्यासाठी एकाच संस्थेकडे, ही कल्पना पुढे आपल्याकडेही पोहोचली. १९४३ च्या दामोदर पुरानंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते, आणि दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या देखरेखीखाली टेनेसीच्या धर्तीवर आखली गेली. ती आखायला टेनेसी प्राधिकरणातला अभियंता व्हूर्डविन याला भारतात आणले होते. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.

१९३४ मध्ये म्हाताऱ्या नॉरिसने स्वतःच्या राज्यात गावोगाव मोटार फिरवून दोन सभागृहांऐवजी एकच, पक्षचिन्हाविना निवडलेले विधिमंडळ मतदारांकडून मंजूर करून घेतले. दोन सभागृहांच्या वाटाघाटी बंद दाराआड होतात आणि तिथे विधेयके मरतात, हा त्याचा मुद्दा. नियम समितीविषयीच्या तक्रारीचीच ही दुसरी आवृत्ती. १९३७ पासून नेब्रास्कात ती पद्धत आहे. पक्षाविना तो स्वतः मात्र फार काळ तगला नाही. १९३६ मध्ये अपक्ष म्हणून जिंकला, १९४२ च्या तिरंगी लढतीत रिपब्लिकन केनेथ व्हेरीने त्याला पाडले.

नियम समितीचे पुढे

१९१० चा हिशेब अजून पुरा होत नाही. सभापतीच्या हातून सुटलेली सत्ता सगळ्या सदस्यांत वाटली गेली नाही. आधी ती बहुमतवाल्या पक्षबैठकीकडे गेली. नंतर, हळूहळू, ज्येष्ठतेने अध्यक्ष झालेल्या समितीप्रमुखांकडे. एका सुरक्षित मतदारसंघातून वारंवार निवडून या, जिवंत राहा, अध्यक्षपद चालत येते. असे सुरक्षित मतदारसंघ सर्वांत जास्त दक्षिणेत होते.

नियम समितीचे काय झाले ते व्हर्जिनियाच्या हॉवर्ड स्मिथकडे पाहून कळते. तो १९५५ पासून तिचा अध्यक्ष. १९५७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे विधेयक समितीपुढे होते, तेव्हा स्मिथ वॉशिंग्टनमधून गायब झाला. शेतावरचा गोठा जळाला, तो पाहायला गेलो होतो, असे कारण सांगितले गेले. अध्यक्ष नाही म्हणून बैठक नाही, बैठक नाही म्हणून विधेयक नाही. कॅननच्या काळात सभापतीला जाऊन जाब तरी विचारता येत होता. इथे सभापती सॅम रेबर्न स्वतः हात बांधून बसला होता. अखेर जानेवारी १९६१ मध्ये रेबर्नने समितीची सदस्यसंख्या १२ वरून १५ करण्याचा ठराव आणला आणि तो २१७ विरुद्ध २१२ असा निसटता मंजूर झाला.

याचे खापर नॉरिसवर फोडणारे अभ्यासक आहेत. जबाबदार सभापती घालवून त्याने बेजबाबदार अध्यक्ष आणले, असे त्यांचे म्हणणे. मला ते अर्धेच पटते. नॉरिसच्या ठरावात ज्येष्ठतेचा शब्दही नव्हता. समिती सभागृहाने निवडावी एवढेच त्यात होते. त्या निवडीचा अधिकार सदस्यांनी पुढे वापरलाच नाही. दर दोन वर्षांनी जुन्याच याद्या वाचून मंजूर करणे त्यांना सोयीचे वाटत गेले, कारण कुणाला वगळायचे म्हटले की उद्या आपल्यालाही वगळतील ही भीती होती. नॉरिसची चूक असलीच तर ती वेगळी: सभागृहाला अधिकार दिला की सभागृह तो वापरेल, असे त्याने गृहीत धरले.